फिटर पुढे फिटर राहतो का?

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'शिकलेल्या धंद्यातच माणूस टिकतो का?' आणि वेळ दिलीय पन्नास मिनिटं. म्हणून विषय मी घरूनच लहान करून आणलाय. डॉक्टर-वकिलांना हात लावणार नाही. इंजिनिअरांबद्दल तर बोलायचं काय राहिलंय? मेकॅनिकल करून हिंजवडीत कोड लिहिणारा प्रत्येक घरात एकेक आहे. या सभागृहात रांगेमागे दोन निघतील. हसू नका, त्यांचे आईवडीलही इथेच बसलेत.

मी बोलणार आहे आयटीआयच्या फिटरबद्दल. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली, तेव्हापासूनचा हा नेहमीचा ट्रेड. दहावीनंतर दोन वर्षं. आपल्या राज्यात सरकारी आयटीआयच चारशेहून जास्त आहेत, आणि तालुक्याच्या आयटीआयत दुसरं काही नसलं तरी फिटर, इलेक्ट्रिशियन आणि वेल्डर असतातच. एवढा ओळखीचा ट्रेड, पण फिटर नेमकं काय करतो असं विचारलं तर शंभरातले नव्वद लोक 'नळ बसवतो' म्हणतील. नळ बसवणारा प्लंबर. तो ट्रेड वेगळा, एक वर्षाचा. फिटर म्हणजे यंत्राचे भाग मापात घासून एकमेकांत बसवणारा आणि बंद पडलेलं यंत्र उघडून दुरुस्त करणारा.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वेळ संपला तरी चोरी उघडी पडणार नाही. फिटर फिटर राहणार की नाही, हे पास झाल्यावरच्या पहिल्या बारा-पंधरा महिन्यांत ठरतं. पोराची आवड, हुशारी, घरची परिस्थिती, सगळं खरं. पण त्या महिन्यांत त्याच्या हाताला कुठलं काम लागलं, याला सगळ्यात जास्त वजन आहे. हे पटवायचं तर तो शिकतो काय, ते सांगायला हवं. पाचच मिनिटं घेतो.

सुरुवात कानशीने होते. माइल्ड स्टीलचा एक तुकडा देतात, साधारण ७५ बाय ७५, जाडी १० मिलिमीटर. म्हणतात, याचा पृष्ठभाग सपाट कर. ऐकायला सोपं. पोरगं उत्साहाने कानस मारतं आणि तासाभराने त्याचा जॉब, म्हणजे घासायला दिलेला तुकडा, मधे फुगीर, दोन्ही कडांना उतरलेला. कारण दोन्ही हातांचा दाब सारखा ठेवला. कानस पुढे जाताना सुरुवातीला दाब पुढच्या हाताचा जास्त लागतो, मध्यावर दोन्ही सारखे, आणि शेवटी मुठीकडच्या हाताचा जास्त. दाब असा सरकत गेला नाही तर कानस झोके खाते आणि कडा गोल होतात. मागे येताना दाब काढायचा, कारण कानशीचे दात पुढे जातानाच कापतात. मागे घासली तर दातच बोथटतात. जॉब घट्ट पकडणाऱ्या व्हाइसची उंची कोपराइतकी. त्याहून उंच असला तर खांदे भरून येतात, खाली असला तर पाठ.

बाकी गोष्टी कोणी फळ्यावर लिहून देत नाही. जॉबवरून बोट फिरवून 'बघू किती गुळगुळीत झालाय' करायचं नाही. बोटाचं तेल लागतं आणि कानस तिथे घसरते. कानशीच्या दातांत किस, म्हणजे धातूचा चुरा, अडकला की तो पुढच्या घावाला जॉबवर खोल ओरखडा काढतो. म्हणून आधी कानशीला खडू चोळायचा, आणि अडकलाच तर तारेच्या ब्रशने दातांच्या दिशेने काढायचा. नवी कानस आधी पितळेवर वापरायची, मग स्टीलवर. तीच कानस स्टीलवरून परत पितळेवर आणली की तिथे ती घसरते.

मग येतो खरा जॉब, मेल-फीमेल. नावाला हसून झालं असेल तर पुढे जातो. एका तुकड्याला चौकोनी पुढे आलेला भाग, दुसऱ्यात तेवढीच खाच, आणि दोन्ही एकमेकांत बसले पाहिजेत. मापाची सूट ०.०४ मिलिमीटर. तुमच्या वहीचा कागदही त्याहून जाड असतो. आधी एक बाजू सपाट, तिला काटकोनात दुसरी, मग मोरचुदाचं पाणी लावून त्या तांबूस थरावर हाइट गेज या उंचीच्या मापकाने रेघा. खाच काढायची तर रेघेच्या आत ओळीने ड्रिलची भोकं, मधला भाग छिन्नीने उडवायचा, उरलेलं कानशीने. आतल्या कोपऱ्यात आधीच ३ मिलिमीटरचं भोक पाडून ठेवायचं. नाहीतर कोपऱ्यात कानस पोचत नाही आणि जॉब तिथेच अडतो.

आता क्रम बघा. मेल भाग आधी पुरा करायचा. बाहेरचं माप वर्निअरने, मायक्रोमीटरने खात्रीने घेता येतं, आतल्या खाचेचं तितकं नाही. म्हणून जे नीट मोजता येतं ते पक्कं करायचं आणि दुसरं त्याच्यावरून जुळवत जायचं. घाईत पोरं दोन्ही एकदम घासायला घेतात. मग कुठल्या तुकड्यात चूक आहे तेच कळत नाही. प्रशियन ब्ल्यू हा निळा रंग लावून तुकडा आत सरकवायचा, निळा डाग जिथे उमटला तिथेच आणि तेवढंच घासायचं. शेवटी जॉब बसला की शिल्प निदेशक, म्हणजे आयटीआयचे शिक्षक, तो काढतात, अर्धा फेरा फिरवून उलटा घालतात. उलटाही बसला तर पास. सरळ बसतो, उलटा अडतो, याचा अर्थ काटकोन चुकलाय आणि दोन चुकांनी एकमेकींना झाकलंय. संसारातही असे जॉब बरेच असतात, पण तो आजचा विषय नाही.

हे एवढं लांबवलं त्याला कारण आहे. गेली काही वर्षं मी सारखं ऐकतो, 'संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनच्या जमान्यात कानस कशाला शिकवता? वेळ वाया.' हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. असं म्हणणाऱ्याला वाटतं कानशीच्या तासाला घासायला शिकवतात. त्या तासाला शिकवतात ते मोजायला आणि थांबायला. शंभरातल्या नव्वद घावांनंतर उरलेले दहा कुठे मारायचे नाहीत, हे ज्याला कळलं तो मेंटेनन्सला उभा राहू शकतो. टॅपचंच घ्या, म्हणजे भोकात आटा पाडायच्या हत्याराचं. एम-१० चा, म्हणजे १० मिलिमीटरच्या बोल्टचा आटा पाडायचा तर भोक ८.५ मिलिमीटरचं. टॅप अर्धा फेरा पुढे, मग थोडा मागे, म्हणजे आतला किस तुटतो. ज्याच्या मनगटाला अजून अंदाज आलेला नाही तो जोर लावतो, टॅप आत मोडतो, आणि मोडलेला टॅप काढायला आटा पाडण्याच्या दसपट वेळ जातो. हे यूट्यूबवर कळतं, पण मनगटाला कळायला शंभर टॅप लागतात.

बरं. आता हा पोरगा पास झाला. कुठे जातो?

चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, कुठेही जा, जाहिरातीत 'फिटर पाहिजे' लिहिलेलं असतं आणि आत काम असतं ऑपरेटरचं. दार उघडायचं, जॉब चकमध्ये धरायचा, फूटस्विच, दार लावायचं, सायकल स्टार्ट. सायकल संपली की जॉब काढायचा, कडांचं बर, म्हणजे कापताना राहिलेले धारदार कंगोरे, काढायचं, ठरलेल्या जॉबनंतर एकदा गेज लावायचं. भोकाच्या गेजची 'गो' बाजू, म्हणजे बरोबर मापाच्या भोकात गेलीच पाहिजे ती, अडायला लागली म्हणजे आत कापणारा इन्सर्ट झिजलाय. मग सेटरला, म्हणजे मशीन लावून देणाऱ्याला हाक, कारण ऑफसेट, म्हणजे मशीनमधली मापाची दुरुस्ती, बदलायचा हक्क सेटरचा, आणि बऱ्याच ठिकाणी त्याची किल्लीही त्याच्याच खिशात. म्हणजे जे दोन वर्षं शिकवलं, मोजायचं आणि मोजून दुरुस्त करायचं, त्यातलं मोजायचं तेवढं उरलं. कानस उरली ती बर काढायला.

माझं ऑपरेटरशी वाकडं नाही. त्यातून जो सेटर होतो, सॉफ्ट जॉ बोअर करतो, म्हणजे चकचे जबडे जॉबच्या मापाला कापून घेतो, जॉबचा शून्यबिंदू घेतो, तो माझ्या हिशेबात ट्रेडमध्येच राहिला. माझी तक्रार कोण ट्रेडमध्ये राहिला याच्या मोजणीबद्दल आहे. कंपनी उत्पादनातली असली की पोरगं 'संबंधित क्षेत्रात' लागलं असं लिहायला सगळे मोकळे. तो तिथे दिवसभर काय करतो, हे त्या रकान्यात कोणी विचारत नाही. कागदावर फिटर, हाताने ऑपरेटर. दोन वर्षांनी तो मेंटेनन्सच्या मुलाखतीला जातो. तिथे त्याच्यासमोर पंप ठेवतात आणि म्हणतात, ग्लँड पॅकिंग बदल.

ग्लँड पॅकिंग म्हणजे पंपाची गळती आवरायला फिरत्या शाफ्टभोवती बसवलेल्या दोरीसारख्या रिंगा. हे काम फार छान आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुनं पॅकिंग पूर्ण काढायचं, तळाची एक रिंग राहून गेली की पुढचं सगळं फुकट. नव्या रिंगा शाफ्टच्या मापाच्या दांड्यावर गुंडाळून तिरक्या कापायच्या, आणि बसवताना प्रत्येकीचा सांधा आधीच्या सांध्यापासून नव्वद अंशांवर. नाहीतर पाण्याला सरळ वाट मिळते. ग्लँडचे नट आधी हातानेच. पंप सुरू करायचा, गळू द्यायचं, आणि दोन्ही नट सारखे, एका वेळी एक-एक फ्लॅट, म्हणजे नटाची एकेक बाजू, आवळत आणायचे. थेंब-थेंब गळती ठेवायचीच, कारण तेच पाणी पॅकिंग थंड ठेवतं. नवखा माणूस काय करतो? साहेबाला जमिनीवर ओल दिसायला नको म्हणून गळती पार थांबेपर्यंत आवळतो. पॅकिंग जळतं, शाफ्टवरच्या नळीवर, म्हणजे स्लीव्हवर, चरे पडतात, आणि दुसऱ्या दिवशी पंप धो-धो गळतो.

बेअरिंगचंही तसंच. शाफ्टवर चढवताना ठोका आतल्या रिंगला द्यायचा. बाहेरच्या रिंगवर मारला तर तो जोर गोळ्यांमधून जातो, धावेवर खड्डे पडतात, आणि नवं कोरं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. त्यापेक्षा तापवून घालावं, ११० अंशांच्या आसपास. १२० च्या वर न्यायचं नाही. गॅसच्या टॉर्चने तर मुळीच नाही. ज्याने दोन वर्षं नुसतं सायकल स्टार्ट दाबलंय त्याला हे पुस्तकात आठवतं, हाताला आठवत नाही. मुलाखत घेणारा 'आयटीआयत काही शिकवतच नाहीत' म्हणतो आणि तो पोरगा बाहेर येऊन पोलिस भरतीचा फॉर्म भरतो.

आणखी एक वाट म्हणजे रेल्वे. सहायक लोको पायलटच्या भरतीला दहावी आणि आयटीआय चालतं, फिटरही चालतो. २०२४ च्या भरतीत जागा आधी ५,६९६ होत्या, मग १८,७९९ केल्या. दुसऱ्या टप्प्याच्या परीक्षेत ट्रेडवरचा एक भाग असतो, त्यात ३५ टक्के मिळाले की झालं. गुणवत्ता यादीत तो धरतही नाहीत. म्हणजे ट्रेड दारावर तिकीट दाखवण्यापुरता. आत गेल्यावर पोरगं इंजिन चालवतं, कानस कायमची सुटते. आणि घरात पेढे वाटले जातात. वाटलेच पाहिजेत, सरकारी पगार आहे. मी फक्त एवढंच म्हणतो की, याला 'ट्रेड सोडला' म्हणून कोणी रडत नाही, आणि चाकणला ऑपरेटर झालेल्याची 'ट्रेडमध्ये आहे' ही नोंद कोणी खोडत नाही. खरं तर कानस दोघांचीही सुटली.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. सात मिनिटं म्हणतायत. मुख्य मुद्दा अजून व्हायचाय, तेव्हा आता भराभर.

पहिलं वर्ष निर्णायक का, याचं उत्तर शिकाऊ उमेदवारीत आहे. कायदा १९६१ चा. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात, कंत्राटी माणसं धरून. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्याचं विद्यावेतन महिना किमान ७,००० रुपये ठरलं. कायद्याच्या नजरेत हा पोरगा कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. त्यामुळे भविष्यनिर्वाह निधी नाही आणि ठेवून घ्यायची सक्ती नाही. २०१४ च्या दुरुस्तीने कंपनीने भरतीचं आपलं धोरण आपण ठरवायचं, इतकंच. आता तुम्ही कंपनी चालवताय, लाइनवर माणूस कमी आहे आणि हा पोरगा हाताशी आहे. त्याला मेंटेनन्सच्या जुन्या फिटरमागे वर्षभर फिरवाल की मशीनवर उभा कराल? दोष देत नाही, हिशेब सांगतोय.

जिथे त्याला जुन्या फिटरमागे दिलं जातं, तिथे तो टिकतो. बंद मशीन उघडताना शेजारी उभं राहणं, हत्यार हातात देणं, कपलिंगला, म्हणजे दोन शाफ्टच्या जोडाला, डायल गेज लावताना शाफ्ट फिरवणं, एवढ्यावर पहिले सहा महिने गेले तरी चालतं. जिथे मशीनवर उभं केलं जातं, तिथे वर्षाअखेर प्रमाणपत्र दोघांनाही एकच मिळतं. फरक दिसतो तो फक्त उमेदवारीच्या कामाच्या नोंदवहीत. ती वही रोजची हवी, आणि ती महिन्याच्या शेवटी एका बसणीला, एकाच पेनने भरली जाते. आयटीआयने आपल्या पोरांच्या या वह्या वर्षातून दोनदा मागवून नुसत्या वाचल्या तरी कुठल्या कंपनीत पाठवायचं आणि कुठल्या नाही, ते कळेल. आईवडिलांनी पोराला पगार विचारायच्या आधी विचारावं, 'आज काय उघडलंस?' सलग तीन महिने उत्तर 'काही नाही' आलं तर जागा बदलायची, हजार रुपये कमी मिळाले तरी.

डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्यांबद्दल बोलायचं राहिलं. इलेक्ट्रिशियनच्या परवान्याचाही भाग राहिला, तो तर स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. निमंत्रण दिलंत तर येईन. दिलं नाहीत तरी येण्याची शक्यता आहे.

आखातात जाऊ पाहणाऱ्या एका मुलाने सुरुवातीलाच चिठ्ठीवर विचारलं होतं की आयटीआयचा फिटर तिकडे पाइप फिटर म्हणून चालतो का. ट्रेड टेस्ट दिल्याशिवाय नाही, आणि तिथे मेल-फीमेल विचारत नाहीत, ड्रॉइंगवरून पाइप कापायला लावतात. चार इंची पाइपला ३०० मिलिमीटरचा ऑफसेट, म्हणजे पाइपची रेघ तेवढी बाजूला सरकवायची, ४५ अंशांच्या दोन एल्बोंनी, म्हणजे वळणाच्या तुकड्यांनी, असं गणित असतं. ३०० गुणिले १.४१४, म्हणजे मध्य ते मध्य तिरकी लांबी ४२४. त्यातून प्रत्येक लाँग रेडियस एल्बोचे ६४, म्हणजे १२८ वजा, राहिले २९६. वेल्डिंगच्या दोन फटींचे तीन-तीन मिलिमीटर वजा केले की पाइप कापायचा २९०. फटी विसरणारे फार असतात. हे फळ्यावर लिहून ठेवतो, ज्यांना हवं त्यांनी उतरवून घ्या.