चौथी सीट आणि फिरतीचा माणूस

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढं 'उद्योजक' असं छापलंय. एक प्रत घरी दाखवायला नेणार आहे. खरं तर मी आयुष्यभर पंपाचे सील विकले, म्हणजे फिरतीचा माणूस. आज जे सांगणार आहे ते डीलरांना, घरच्यांना आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी सापडलेल्यांना मी बरीच वर्षं ऐकवत आलोय. माईक मात्र पहिल्यांदाच मिळालाय.

एसटीत, लोकलमध्ये अनोळखी माणसानं मदत केली की आपण म्हणतो, देवमाणूस भेटला. मला ते पटत नाही. एकेका डब्यात इतके देव कुठून येणार? गर्दीत रोज एकमेकांना जागा करून देता देता लोकांना एक सवय लागते आणि नवख्या माणसाच्या वाट्याला तीच सवय येते, असं माझं म्हणणं आहे. हे शेवटी सिद्ध करून दाखवतो. पाऊण तास दिलाय तुम्ही, चिक्कार झाला.

आधी एक बाजूला काढतो. हा विषय निघाला की कोणीतरी २६ जुलै २००५ काढतंच. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस, लोकल बंद, आणि लोकांनी घरं उघडून अनोळखी माणसांना चहा-बिस्किटं दिली, रात्री झोपायला जागा दिली. सगळं खरं. पण संकटात माणूस मोठा होतोच. मला कौतुक आहे ते साध्या मंगळवारचं. पाऊस नाही, पेपरात बातमी नाही, नुसती गर्दी आहे.

आमची मुंबईची फिरती कशी असायची, ते इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. रात्री कोल्हापुरात महालक्ष्मी एक्सप्रेस धरायची, सकाळी दादरला उतरायचं, स्टेशनवरच दाढी, दिवसभर गिऱ्हाइकं करायची आणि रात्री पुन्हा महालक्ष्मी. लॉजचा खर्च नाही, म्हणून मालक खूश. आणि रात्री आपण घोरतोय की नाही हे सांगायला बायको नाही, म्हणून आपणही खूश. (वहिनी, तुम्ही हसलात ते मी पाहिलं.)

लोकलमधली चौथी सीट तुम्हाला ठाऊक आहेच. बाक तिघांचं. चौथा येतो, नुसता बघतो, तिघं सरकतात आणि चौथा अर्धा बाकावर, अर्धा हवेत बसतो. रेल्वेच्या कुठल्या नियमात हे लिहिलेलं नाही. पण तुम्ही सरकला नाहीत, तर अख्खा डबा तुमच्याकडे असा बघतो की आपण कुणाची जमीन हडपली की काय असं वाटावं. बसल्यावर समोर उभा असलेला विचारतो, कुठं उतरणार? म्हणजे तुमच्यामागं जागा त्याची. मग त्याची बॅग तुमच्या मांडीवर येते. सातबारा नाही, स्टॅम्पपेपर नाही, व्यवहार पक्का!

तर एका संध्याकाळी मी दादरहून विरार फास्ट धरली. अंधेरीला डीलर होता. हातात सॅम्पलची पेटी. सीलमध्ये कार्बनची एक रिंग असते, तिचं तोंड आरशासारखं घासलेलं असतं. तिला टवका उडाला की पंप गळालाच. म्हणून पेटी मी जपून वर रॅकवर ठेवली. एक चष्मेवाले गृहस्थ खिडकीशी बसले होते, विरारचे. चर्चगेटपासून जागा मिळवलेला माणूस. त्यांनी मला आपणहून विचारलं, कुठं उतरायचं? मी म्हटलं अंधेरी. तर म्हणाले, ''मग आत कशाला आलात? दाराकडं सरका, त्या बाजूला. त्या बाजूला प्लॅटफॉर्म येतो. आणि उतरायचं नसतं, उतरवून घ्यायचं असतं.''

तसंच झालं. अंधेरी आली, मागून लोट आला, पुढून लोट आला आणि मी प्लॅटफॉर्मवर. बूट दोन्ही पायांत, चष्मा नाकावर, पेटी रॅकवर. मी ओरडलो. डब्यातून लगेच हात वर झाले, पेटी डोक्यांवरून दाराकडं यायला लागली. कोण कुणाचा! दारातला पोरगा ती माझ्याकडं फेकणार, तेवढ्यात मी किंचाळलो, ''फेकू नका, फुटेल!'' गाडी हलली. मागून त्या चष्मेवाल्यांचा हात दिसला. त्यांनी पेटी धरली आणि मला बोटानं पुढची दिशा दाखवली. बोरिवली.

मी तिकीट काढलं, पुढची गाडी धरली आणि बोरिवलीला उतरलो. गृहस्थ स्टेशनमास्तरच्या ऑफिसबाहेर पेटी पोटाशी धरून उभे. आता इथं नीट लक्ष द्या. संध्याकाळी विरार गाडीतली चर्चगेटपासूनची खिडकी सोडून हा माणूस बोरिवलीला उतरला होता. तिथून विरार गाडीत चढणं म्हणजे काय, हे चढलेल्यालाच ठाऊक. मी पाया पडायच्या बेतात. ते म्हणाले, ''पेटी उलटी केलेली नाही. वरती बाण होता.'' आणि पुढच्या गाडीच्या दाराला लटकून गेले.

आता माझं खरं दुखणं. कंपनीत प्रवासखर्चाची व्हाउचरं तपासणारे एक साहेब होते. नाव सांगत नाही, त्यांचे नातू असतील सभागृहात. त्यांनी अंधेरी-बोरिवली तिकिटाभोवती लाल गोल केला. बोरिवलीत तुमचं गिऱ्हाईक नाही, प्रयोजन लिहा. मी लिहिलं, अनोळखी गृहस्थांस भेटण्यासाठी. व्हाउचर परत. मी लिहिलं, कंपनीचा माल सोडवण्यासाठी. त्यावर शेरा आला, माल कुणी अडवला होता, त्याचं पत्र जोडा! किरकोळ रक्कम हो. पण ते व्हाउचर मी महिनाभर लढवलं आणि हरलो. टॅक्सीनं गेलो असतो तर एका सहीत पास झालं असतं.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. 'पाच मिनिटे'. बरं. मग सिद्ध करण्याचा भाग पळत पळत उरकतो.

एसटी घ्या. १ जून १९४८ ला पुणे-नगर पहिली गाडी निघाली. तेव्हापासून खिडकीतून टाकलेल्या रुमालावर जागा धरली जाते आणि लोक तो रुमाल मानतात. फाटका रुमाल मानणाऱ्या माणसाला तुमची पेटी सांभाळणं जड नाही. मुक्कामी गाडी घ्या. ड्रायव्हर-कंडक्टर रात्री गावात, देवळात नाहीतर शाळेच्या ओट्यावर झोपतात. गावातलं कुणीतरी भाकरी आणून देतं. सकाळी कंडक्टरला ठाऊक असतं, कॉलेजची अमकी पोरगी अजून आली नाही, थांबूया दोन मिनिटं. त्याच गाडीत परका सेल्समन बसला, तर त्याचीही चौकशी होते. तो काही वेगळा उपकार नसतो, आधीच चालू असलेल्या कारभारात तो बसतो.

उलटा पुरावाही आहे. जिथं जागा आधीच ठरलेली असते, तिथं सरकायचं काम पडत नाही आणि बोलायचंही पडत नाही. माझं डेक्कन क्वीनवर प्रेम आहे, पण पासधारकांच्या डब्यात चुकून चढलेल्या परगावच्या माणसाला विचारा, पुणेकर जागा किती गोड शब्दांत दाखवतात. दाराची! एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला आली, उत्तम झालं, दारातून पडून माणसं मरतात ते थांबायलाच हवं. त्या बंद दारातून माझी पेटी बाहेर आली नसती, हेही तितकंच खरं. जीव वाचणार असेल तर पेटी गेली चालेल, यात मला शंका नाही.

तेव्हा इथं बसलेल्या कारखानदारांना एक मागणी. नव्या पोराला पहिले सहा महिने कंपनीची गाडी देऊ नका. एसटीनं पाठवा. पंप कुठं बंद पडलेत, ऊस कुणाचा जळतोय, कोणता डीलर उधारीत बुडालाय, हे त्याला शेजारचा माणूस तिकीट काढायच्या आत सांगेल. आणि त्याची व्हाउचरं तुम्ही स्वतः बघा.

महिलांच्या डब्याबद्दल बोलायचं राहिलं. तिथं भाजी निवडली जाते, हळदीकुंकू होतं, भिशी चालते, असं ऐकून आहे. तिथली चौथी सीट कशी मिळते, यावर पुढच्या वर्षी रोज प्रवास करणाऱ्या एखाद्या बाईंना बोलवा. मानधन माझ्याएवढं देऊ नका, थोडं जास्त द्या. अध्यक्ष उभे राहिलेत. बसतो मी.