‘हा प्लॉट विकणे नाही’

(दृश्य: मानेवाडा–बेसा रस्ता, सकाळ)

मानेवाडा चौकातून बेसाकडे निघालं की घरांच्या रांगेत मधेमधे मोकळे प्लॉट दिसतात. गाजरगवत माजलेलं, चार कोपऱ्यांत सिमेंटचे खांब आणि तारेला टांगलेली टिनाची पाटी : ‘हा प्लॉट विकणे नाही.’ खाली मोबाईल नंबर. बाहेरगावच्या माणसाला हसू येतं. विकायचाच नाही तर पाटी कशाला? नागपूरकराला हे सांगावं लागत नाही. मालकाला पत्ता न लागता भलत्याच कुणी तो विकू नये, म्हणून पाटी.

शहराच्या कडेच्या कितीतरी वस्त्या शेतजमिनीवर उभ्या राहिल्या. कुणी संस्थेनं, कुणी दलालानं शेत घेतलं, कागदावर चौकोन आखले आणि प्लॉट विकले. मंजुरीचं राहूनच गेलं. नागपूर सुधार प्रन्यासाकडचे असे लेआउट लोक त्यांच्या संख्येवरूनच ओळखतात : ‘५७२’ आणि ‘१९००’. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं ते नियमित करायची वाट काढली आणि ‘आरएल’ म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, ‘आरएल मिळालं का?’ हा प्रश्न घरोघरी गेला. पण विक्रीपत्र झालं तरी अनेकांनी फेरफार केलाच नाही. सातबाऱ्यावर नाव जुन्या शेतकऱ्याचंच. तो गेला, वारसांची नावं चढली आणि तोच तुकडा पुन्हा विकला गेला. दुसरा घेणाराही पैसे मोजूनच आलेला असतो, हे या भांडणातलं खरं दुखणं.

(दृश्य: प्लॉटवरचं टिनाचं शेड, दारासमोर वाळत घातलेले कपडे)

ताबा घ्यायला शुक्रवारची संध्याकाळ सोयीची. पुढचे दोन दिवस सरकारी कार्यालयं बंद. रातोरात पत्रे उभे राहतात, आत एक खाट, एक चूल आणि एक कुटुंब. लेकरंबाळं दिसली की पोलिसांचाही हात आखडतो. पुण्याला नोकरी करणारा मालक सोमवारी येऊन पाहतो तर पाटी गायब. मग लाईटचं मीटर लागतं. वीज कायद्यानुसार जागेत राहणाराही जोडणी मागू शकतो, मालकच असावा लागत नाही. त्यामुळे ते बिल मालकीचा पुरावा नव्हे. पण कोण कधीपासून आत आहे, ते त्यावरून कळतं, आणि पुढे कोर्टात मालकाला तेवढंही जड जातं.

पोलीस ठाण्यात बहुतेकदा ठरलेलं उत्तर मिळतं : ‘ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा.’ हे अर्धंच खरं आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे घरात बेकायदा घुसणं हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, फोटो त्याच दिवशी काढा. घुसखोरी ताजी असताना या कागदाला वजन असतं. पुढे तो माणूस तिथे स्थिरावला, की खुद्द मालकालाही त्याला बळानं काढता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये हे सांगितलं आणि २०१९ मध्येही ही भूमिका कायम ठेवली.

इथे मालक चिडतो. जागा माझी, आणि मीच कोर्टात जाऊ? मग कुणीतरी कानाशी लागतं, ‘दोन दिवसांत खाली करून देतो.’ अशी माणसं शहरात मिळतात. त्यांच्या नादी लागू नये. आज तुमच्यासाठी पत्रे उपटणारा उद्या दुसऱ्याच्या प्लॉटवर तेच पत्रे ठोकत असतो, आणि गुन्हा तुमच्या नावावर लागतो.

कायद्यानं एक जवळची वाट ठेवलेली आहे. विशिष्ट अनुतोष कायद्याचं कलम ६. तुमचा ताबा बेकायदा हिसकावला असेल, तर सहा महिन्यांच्या आत दावा लावायचा. मालक कोण, हा प्रश्न तिथे निघतच नाही. ताबा कुणाचा होता आणि तो कसा गेला, एवढंच पाहिलं जातं. या निकालावर अपील नाही. सहा महिने गेले तर मालकीचा लांबलचक दावा. आणि तुमच्या मालकीला आव्हान देत कुणी बारा वर्षं उघडपणे बसून राहिला, तर तुमचा हक्कच संपतो. पुण्यात संसार थाटलेल्याला ही बारा वर्षं कधी सरली, कळतही नाही.

(दृश्य: नागपूरच्या महाल भागातली जुनी गल्ली)

किरायेदाराची गोष्ट वेगळी. तो घुसखोर नव्हे. त्यानं किराया थकवला तरी त्याचं नळ-लाईट तोडणं बेकायदा आहे. महाल-इतवारीतल्या जुन्या मालकांना विचारा : पूर्वी इथे १९४९ चा मध्य प्रांत-वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश लागू होता, आणि घर खाली करायची नुसती नोटीस द्यायलाही आधी भाडे नियंत्रकाची परवानगी लागे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. त्यात करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. तरी स्टॅम्प पेपरवर नोटरी करून मोकळं व्हायची सवय जात नाही. अटींवरून वाद झाला, की नोंदणी नसल्यास किरायेदार सांगेल ते ग्राह्य धरायला सुरुवात होते. लीव्ह अँड लायसन्सचा पक्का करार असेल, तर मुदतीनंतर न निघणाऱ्याकडून दुप्पट दरानं भरपाई मागता येते.

राहिला चौकीदार. रिकाम्या घरात कुणी असावं म्हणून ओळखीतल्या माणसाला खोली दिली जाते, कागद काहीच नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलं, की राखणदार कितीही वर्षं राहिला तरी त्याला जागेत हक्क मिळत नाही. मात्र तो राखणदारच होता, हे मालकाला दाखवावं लागतं. म्हणून पगार रोखीनं देऊ नका. खात्यात टाका, आणि शेऱ्यात ‘चौकीदारीचा पगार’ असं लिहा.