डबा परत घ्यायला आलेला माणूस

(दृश्य : डोंबिवलीतली जुनी इमारत. गच्चीवरून खिडक्यांत शिरलेल्या काळ्या वायरी.)

निवेदन : २ ऑक्टोबर १९७२ ला वरळीहून मुंबई दूरदर्शन सुरू झालं. पुढची वीस वर्षं सरकार दाखवेल ते आपण पाहिलं. १९९१ च्या आखाती युद्धानं केबलची चटक लावली, १९९२ मध्ये झी आलं. गच्च्यांवर छत्र्या उगवल्या आणि दर महिन्याला केबलवाला दारात.

(दृश्य : धूळ साचलेला सेट टॉप बॉक्स.)

२०१२ मध्ये मुंबईत हा डबा सक्तीचा झाला. फेब्रुवारी २०१९ पासून चॅनेल निवडून घ्यायची पद्धत आली. तेव्हा नुसत्या जोडणीचेच १३० रुपयांपर्यंत, वर कर. पैशांचे चॅनेल हवे असतील तर त्यांचे वेगळे. ग्राहकाच्या सोयीसाठी, म्हणे! घराघरांत हिशेब मांडला गेला : आपण पाहतो तरी किती?

(दृश्य : डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. समोर भाजी निवडणारे हात.)

इथं सध्या ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ चालू आहे. अल्फा मराठीवरची ही मालिका आता झी फाइव्ह ॲपवर मिळते. आबांचं वाक्य यायच्या आधीच या स्वयंपाकघरात म्हटलं जातं. ‘रामायण’, ‘महाभारत’ हवं असेल तर दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ ॲप आहे, नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालेलं.

आबा म्हणजे दिलीप प्रभावळकर. त्याआधीचा, दूरदर्शनच्या मालिकेतला त्यांचा चिमणराव मात्र शोधून पाहा. बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ साठीपुढच्यांना अजून डोळ्यांसमोर दिसतो. पाहायला हाती लागतात ते मोजके तुकडे. टेप महाग असायची, म्हणून जुन्यावरच नवं चित्रित व्हायचं. दूरदर्शनचं कितीतरी काम असं पुसलं गेलं.

(दृश्य : यूट्यूबवर थरथरणारं, फिकट चित्र.)

काही वाचलं ते कुणाच्या तरी व्हीसीआरमुळे. घरी रेकॉर्ड केलेली कॅसेट, मध्ये साबणाच्या जाहिरातीसकट. खाली प्रतिक्रिया वाचा : मालिकेपेक्षा जाहिरातीचंच कौतुक जास्त!

(दृश्य : दारात केबलवाला. डबा पिशवीत टाकतो, राउटर बाहेर काढतो.)

“काकू, केबल बंद केलीत ते ठीक. वायफाय आमच्याकडूनच घ्या. वायर त्याच भोकातून आत घेतो, भिंत फोडायला नको.”

काकू विचारतात, “टिपरे अडकणार नाहीत ना?”