मातीने भरलेला हात: एका कवितेची दोन वाचने

दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडी परिसरातील पॉलिहाऊसमध्ये गुलाबाची तोडणी सकाळी लवकर सुरू होते. देठ कापणारे, खालची पाने काढणारे, जुड्या बांधणारे हे हात जवळून पाहावेत. नखांच्या कडेला बसलेली माती आणि काट्यांचे ओरखडे एका धुण्याने जात नाहीत. नाशिकच्या एका वाचनबैठकीत ज्या इंग्रजी कवितेवरून दोन तट पडले, तिच्यातला बापाचा हातही असाच मातीने घट्ट झालेला आहे.

अमेरिकी कवी थिओडोर रेट्की यांची ‘माय पापाज् वॉल्ट्झ’ (वॉल्ट्झ म्हणजे तीन ठेक्यांवर चालणारा युरोपीय जोडीनाच) ही 16 ओळींची कविता 1942 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि 1948 मध्ये त्यांच्या संग्रहात आली. दारू प्यालेला बाप रात्री लहान मुलाला धरून स्वयंपाकघरात नाचतो, फळीवरची भांडी घसरतात, आईच्या कपाळावरची आठी काही जात नाही, आणि बाप त्याच तालात मुलाला झोपायला नेतो तेव्हाही मूल त्याच्या शर्टाला घट्ट धरून असते.

बैठकीतल्या निवृत्त शिक्षिकांच्या मते हा नाच म्हणजे मारहाणीवर घातलेले पांघरूण आहे. बापाचे पाऊल चुकले की पट्ट्याचे बक्कल मुलाच्या कानाला घासते, ठेका त्याच्या डोक्यावर धरला जातो, आणि मूल मृत्यूसारखे चिकटून राहते, याकडे त्या बोट ठेवतात. मग ते बापाला सोडत का नाही, असे एका तरुण वाचकाने विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, की मारणाऱ्या बापालाही मूल बिलगतेच.

हे उत्तर खोडून काढणे सोपे नाही. तरीही बापाचा व्यवसाय बाजूला ठेवून ही कविता वाचता येऊ नये, असे आम्हाला वाटते. रेट्की यांचा जन्म 1908 मध्ये मिशिगन राज्यातील सॅगिनॉ येथे झाला. वडील ऑटो जर्मनीतून आलेल्या कुटुंबातले. काचेच्या मोठ्या हरितगृहांत फुले वाढवणे हा त्यांचा व्यवसाय होता आणि कवीचे बालपण त्या दमट उबेत गेले. 1923 मध्ये वडील कर्करोगाने वारले, तेव्हा मुलगा 14 वर्षांचा होता. कवितेतली प्रत्येक ओळ साधारण तीन आघातांवर चालते. दादऱ्याच्या तीन-तीन मात्रांची सवय असलेल्या कानाला तो झोका लगेच कळतो. मात्र काही ओळींच्या शेवटी एक अक्षर जास्त येते आणि तिथे चाल अडखळते, जणू नाचणाऱ्याचाच तोल जातो. हस्तलिखितात हे मूल आधी मुलगी होते. कवीने नंतर त्याचा मुलगा केला. म्हणजे या ओळी नुसती जशीच्या तशी उतरवलेली आठवण नाहीत, त्या घडवलेल्या आहेत.

चर्चा सुरू असताना एक जण उठून गेले. त्यांच्याशी आमचे बोलणे झाले नाही.

आईबद्दल मात्र दोन्ही बाजूंना खात्री वाटते. शिक्षिकांना तिच्या आठीत भीती दिसते, तर तरुणाला पसाऱ्यामुळे आलेला वैताग. ती मध्ये पडत नाही, हे दोघेही आपापल्या बाजूचा पुरावा म्हणून वापरतात. शेवटी दोघांनी कविता मोठ्याने वाचायचे ठरवले. तरुणाने ती जलद, झोके घेत वाचली. शिक्षिकांनी प्रत्येक ओळीनंतर थांबत. दोन्ही वाचने आता सलग ऐकू या, पहिले शिक्षिकांचे.