उद्यमबागेतून समुद्राकडे

(दृश्य : भट्टीचं तोंड, लेडल पुढे सरकते)

चौदाशे अंशांच्या आसपास लोखंड लाल दिसत नाही. पिवळं दिसतं, कडेला पांढरट. भट्टीशी उभा असलेला माणूस मापकावरचा आकडा बघण्याआधी हा रंग बघतो, मान हलवतो, आणि लेडल, म्हणजे वितळलेल्या लोखंडाचं भांडं, वाकते.

हे बेळगावचं उद्यमबाग. खानापूर रस्त्याला लागून शेडला शेड चिकटलेली. कुठं पंपाच्या बॉड्या ओततात, कुठं हायड्रॉलिकचे ब्लॉक घासतात, कुठं क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरवणारे दांडे, ग्राइंडिंगला लागलेत. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर. समुद्र बघायचा तर चोर्ल्याचा नाहीतर आंबोलीचा घाट उतरावा लागतो. तरीही आज या शेडमध्ये जे ओतलं जातंय, ते खाऱ्या पाण्यावरच चालणार आहे. मासेमारी ट्रॉलरच्या डिझेल इंजिनाचा लायनर. पिस्टन ज्या नळीत वर-खाली धावतो, ती नळी.

(दृश्य : फिरणारा साचा, ठिणग्या)

हा साचा वाळूचा नाही, धातूचा आहे, आणि तो आडवा गरगर फिरतोय. फिरत असतानाच त्यात रस सोडतात. जड लोखंड बाहेरच्या भिंतीला जाऊन बसतं. हलकी मळी आणि वायूचे बुडबुडे आतल्या बाजूला ढकलले जातात. तो आतला थर पुढं बोअरिंगमध्ये कापून टाकायचाच असतो, त्यामुळं घाण आपोआप सालीत जाते आणि कामाचं लोखंड घट्ट, निर्मळ राहतं. नळी पोकळ करायला आत वाळूचा गाभा, म्हणजे कोअरसुद्धा लागत नाही.

सोपं वाटतं. पण साचा किती तापलेला हवा, आतून लेप किती जाड, रस किती सेकंदांत सोडायचा, वेग कधी उतरवायचा, यातलं एक जरी चुकलं तरी माल भंगारात. इथले मिस्त्री पोराला एवढंच सांगतात, “गडबड करू नको रे. रस पडताना आवाज ऐक की आधी.”

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालचा नमुना, पडद्यावर मोठा केलेला)

आता हेच लोखंड शंभरपट मोठं करून बघू. नमुना आरशासारखा घासलाय, वर अल्कोहोलात मिसळलेल्या नायट्रिक आम्लाचा हलका हात फिरवलाय. या काळ्या, वाकड्या रेघा म्हणजे ग्रॅफाइटच्या पापड्या. आजूबाजूचं करडं, बारीक पट्ट्यापट्ट्यांचं, ते पर्लाइट. लायनरचं आयुष्य या दोघांवर ठरतं. पर्लाइट झीज सोसतं. ग्रॅफाइट तेल धरून ठेवतं, आणि तेल कमी पडलं तर घडीभर स्वतःच वंगणाचं काम करतं. मधूनच दिसणारे हे पांढरे डाग फेराइटचे. ते मऊ असतात. ते वाढले की पिस्टनच्या रिंगा नळी खाऊ लागतात.

जहाजाच्या इंजिनावरचं संशोधन म्हटलं की डोळ्यांपुढं संगणक आणि पांढरे कोट येतात. त्यातलं निम्मं काम या चित्रात आहे, असं आम्हाला वाटतं. इंजिन आखणारा कागदावर कितीही दाब धरो, तो दाब शेवटी याच लोखंडाला सोसायचा आहे.

(दृश्य : ठळकवाडीचा रस्ता, रेल्वे गेट, जुनी छायाचित्रं)

बेळगावला इंजिन नवं नाही, आणि ते कुणी शिकवायला यावं अशीही गरज नव्हती. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म 1869 चा. मुंबईत चित्रकला शिकायला गेले. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून ते सुटलं आणि यंत्रांची आरेखनं हाती आली. 1888 मध्ये बेळगावात भावाच्या जोडीनं सायकलींचं दुकान निघालं. दुकानातून कारखाना झाला. कडबा कापायचं यंत्र आलं, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन विषारी होते, असं त्या वेळच्या शेतकऱ्याला वाटायचं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली.

मग नगरपालिकेला वस्ती वाढवण्यासाठी ती जागा हवी झाली. कारखाना हलवावा लागला. 1910 मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळरान दिलं आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावातून एक अख्खं उद्योगाचं गाव उठून गेलं. त्याची हळहळ इथले जुने लोक अजून करतात, आणि ती चुकीची आहे असं म्हणवत नाही.

त्याच घराण्यानं 1946 मध्ये पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा कारखाना काढला. आणि 2 एप्रिल 2025 ला त्याच कंपनीबरोबर भारतीय नौदलानं करार केला : 6 मेगावॉटचं, मध्यम वेगाचं सागरी डिझेल इंजिन देशातच आखायचं आणि बांधून दाखवायचं. नमुन्याच्या इंजिनाचा खर्च 270 कोटी रुपये, त्यातले 70 टक्के केंद्र सरकारचे, आणि निम्म्याहून जास्त भाग देशी हवेत ही अट. शिवाय 3 ते 10 मेगावॉटपर्यंतच्या इंजिनांची तपशीलवार आखणीही यातच येते. आजवर या ताकदीची बहुतेक इंजिनं परदेशी कंपन्यांकडूनच घ्यावी लागली.

निम्म्याहून जास्त देशी. म्हणजे लायनर, हेड, क्रँकशाफ्ट, पंप, व्हॉल्व्ह हे सगळं कुणीतरी ओतायचं, कुणीतरी घासायचं. उद्यमबागेतल्या लोकांनी ही बातमी दोनदा वाचली यात नवल नाही.

(दृश्य : ग्राइंडिंग मशीन, क्रँकशाफ्टवर डायल गेज)

हे बघा. जर्नल, म्हणजे शाफ्टचा बेअरिंगमध्ये बसणारा गोल भाग, फिरतंय, डायल गेजचा काटा जागचा हलत नाही. कारागीर जर्नलपेक्षा जास्त वेळ घालवतो तो या कोपऱ्यात, जर्नल आणि त्याला जोडलेला आडवा भाग, वेब, जिथं मिळतात त्या गोलाईवर. फिलेट म्हणतात त्याला. क्रँकशाफ्ट मोडतो तो बहुधा इथूनच. गोलाई जरा टोकदार राहिली, ग्राइंडिंगचा एखादा ओरखडा राहिला, की लाखो फेऱ्यांनंतर तिथून केसाएवढी भेग निघते. म्हणून हे बोटानं चाचपणं. यंत्रानं मोजून झाल्यावरही अंगठा फिरवल्याशिवाय इथला माणूस शाफ्ट सोडत नाही.

जहाजात शाफ्टला आणखी एक दुखणं असतं. प्रत्येक सिलिंडर पेटला की शाफ्टला एक झटका बसतो. ओलं धोतर पिळावं तसा तो थोडा पिळतो आणि सुटतो. या पिळण्याला स्वतःचा एक ताल असतो. इंजिनाचा वेग त्या तालाशी जुळला, तर जाडजूड पोलादसुद्धा तुटू शकतं.

(दृश्य : कॉलेजची प्रयोगशाळा, दांड्यावर दोन चकत्या)

बेळगावजवळ मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आहे, 1998 पासून. त्याच्या अभ्यासक्रमातला हा नेहमीचा प्रयोग. एक दांडा, दोन चकत्या. पिळून सोडायच्या आणि दर सेकंदाला किती हेलकावे होतात ते मोजायचं. मुलं एरवी प्रयोगवही भरण्यापुरता करतात. इथं मात्र सरांनी फळ्यावर चकत्यांच्या शेजारी एकीकडं इंजिन काढलंय, दुसरीकडं जहाजाला पाण्यातून पुढं ढकलणारा पंखा. जहाजाच्या इंजिनकक्षात वेगमापकावर एक लाल पट्टा असतो. त्या पट्ट्यात थांबायचं नाही, तिथून झटकन पुढं जायचं. तो लाल पट्टा या दोन चकत्यांच्या हिशेबातून येतो. हे कळल्यावर मागच्या बाकावरची मुलगी पुढं येऊन उभी राहिली, ते कॅमेऱ्यात आलंय.

खरं इंजिन चाचणीकक्षात चालताना आम्हाला चित्रित करता आलं नाही. ते पुन्हा कधीतरी.

(दृश्य : जुना पंखा, पाती जवळून)

हा पंखा मात्र मिळाला. वेंगुर्ल्याकडच्या एका ट्रॉलरचा, दुरुस्तीला आलेला. बेळगाव आणि वेंगुर्ला बंदर यांच्यातली ये-जा जुनी आहे, फक्त पूर्वी बैलगाड्या घाट चढायच्या. पात्याच्या मागच्या बाजूला, कडेजवळ, हे खड्डे बघा. गंजाचे नाहीत. देवीचे वण असावेत असा भास होतो, पण हे पाण्याचं काम आहे.

पातं जोरात फिरलं की त्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो, की पाणी न तापताच उकळतं. बुडबुडे होतात. पुढं दाब वाढला की ते मिटतात, आणि मिटताना धातूवर घाव घालतात. एकेक घाव टाचणीच्या टोकाएवढा, पण अखंड. याला कॅव्हिटेशन म्हणतात.

इंग्लंडच्या चार्ल्स पार्सन्सनं ‘टर्बिनिया’ ही वाफेच्या टर्बाइनवर चालणारी बोट 1894 मध्ये पाण्यात सोडली, तेव्हा टर्बाइन भरपूर ताकद देत होतं आणि बोट काही धावत नव्हती. पंखा पाण्याऐवजी बुडबुड्यांतच फिरत होता. पार्सन्सनं 1895 मध्ये काचेची खिडकी असलेली पाण्याची बंद नळी बांधली, आत छोटा पंखा फिरवला आणि बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. मग एका पंख्याऐवजी तीन शाफ्टवर नऊ पंखे बसवले. 1897 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या नौदल संचलनात बोट 34 नॉट्सच्या वेगानं सगळ्या गस्ती नौकांना चुकवत गेली. आजही जहाजाचा नवा पंखा आखला की त्याची छोटी प्रतिकृती अशाच बोगद्यात फिरवून बघतात. आपल्याकडं विशाखापट्टणमच्या नौदल प्रयोगशाळेत ही सोय आहे.

मोठ्या जहाजांचे पंखे निकेल-ॲल्युमिनियम ब्राँझचे असतात. खारं पाणी सोसतात, आणि हे घावही बरेच सोसतात. हा धातू ओतणं कच्च्या लोखंडाहून अवघड, कारण वरची साय रसात मिसळली तर पात्यात दोष राहतो. त्यामुळं साचा खालून, सावकाश भरावा लागतो. उद्यमबागेत हे करून बघायची तयारी असलेले लोक आहेत. तपासणीची यंत्रं मात्र प्रत्येक शेडला परवडणारी नाहीत. एक सामाईक प्रयोगशाळा या वसाहतीत झाली, तर नमुना घेऊन पुण्याची वाट धरावी लागणार नाही.

(दृश्य : शेडचं दार, संध्याकाळची पाळी सुटते)

1 जानेवारी 2020 पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली, मिथेनॉलवर चालणारी जहाजं निघाली आहेत, आणि प्रत्येक नव्या इंधनामागं लायनरचं लोखंड पुन्हा तपासावं लागतं. शेडमध्ये वाळूची धूळ आहे, एप्रिलमधली भट्टी आहे, आणि फाउंड्री नको म्हणणारी तरुण पोरं आहेत.

(दृश्य : कडकपणा मोजायचं यंत्र, लायनरवरचा ठसा)

जहाजासाठीचा भाग नुसता चांगला असून चालत नाही, तसं कागदावर सिद्ध व्हावं लागतं. इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारख्या, जहाजं आणि त्यांचे भाग तपासणाऱ्या वर्गीकरण संस्थेचा सर्वेक्षक येतो, ओतकामाबरोबरच ओतलेली चाचणीची कांडी स्वतःसमोर तोडायला लावतो, आणि मग मालावर शिक्का मारतो. या शेडला तो शिक्का अजून मिळालेला नाही. त्याआधीची ही घरचीच परीक्षा.

गोळी लायनरवर दाबली जाते. उमटलेल्या खड्ड्याचा व्यास भिंगातून मोजतात. पहिला लायनर मापात बसला. दुसराही. तिसऱ्याचा खड्डा मोठा आला, म्हणजे लोखंड मऊ. सूक्ष्मदर्शकाखाली तेच पांढरे डाग.

मालक काही बोलत नाहीत. मिस्त्री खडूनं लायनरवर फुली मारतात आणि तो भंगाराच्या ढिगाकडं ढकलतात, परत भट्टीत जाण्यासाठी. मग दोघं वहीवर वाकतात. कथिलानं पर्लाइट वाढतं, पण ते जास्त झालं तर लोखंड ठिसूळ होतं. पुढच्या हीटला, म्हणजे भट्टीच्या पुढच्या खेपेला, कथिल चिमूटभर वाढवायचं, आणि साचा थोडा कमी तापवायचा, असं ठरतं.