बियाण्याची मुडी

श्रोतेहो, नमस्कार.

वैशाखात कणगीचा तळ दिसायला लागतो, तेव्हाही घरात एक भात शिल्लक असतं. ते म्हणजे बियाण्याचं. पेंढ्यात गुंडाळून, दोरीनं आवळून, काठीनं बडवून घट्ट केलेली मुडी. पोरं पेजेवर राहिली तरी मुडी सोडायची नाही. पुन्हा सांगतो, पेजेवर राहिली तरी सोडायची नाही.

दापोली तालुक्यात माझी आत्या राहते. जमीन 20 गुंठे, कुळकायद्यात सासऱ्यांच्या नावावर झालेली. आता सातबाऱ्यावर 17 नावं, त्यातली 11 मुंबईत. सतरा सह्या गोळा करण्यापेक्षा आंब्याच्या कलमांवरची सतरा माकडं धरणं सोपं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

तर 2020 साल. टाळेबंदीत आत्याचा धाकटा मुंबईहून आला. नोकरी गेलेली. चौदा दिवस गावच्या शाळेत काढून घरी आला आणि आल्या आल्या म्हणाला, "आये, ही मुडी कशाला? निळ्या पिंपात भर." आत्या गप्प. मुडी आढ्यालाच राहिली.

3 जूनला निसर्ग वादळ आलं. माडाच्या झावळ्या, कौलं, शेजारच्या पडवीचा पत्रा, सगळं एकदम आकाशात. (पत्र्याचं घर मला कधीच पटलं नाही. कौल फुटलं तर दुसरं बसवता येतं. पत्रा उडाला तर दुसऱ्याच्या कलमावर जाऊन बसतो.) रात्री मुडी खाली पडलेली, भिजून चिंब. वीज नाही, फोन नाही. दोन दिवस सगळे घरातला चिखल उपसत होते, मुडीकडे बघायला कुणाला सवड नव्हती. तिसऱ्या दिवशी धाकट्यानं दोरी सोडली. आतून ऊब आली, आणि हाताला लागले पांढरे मोड. दहा-बारा किलो बियाणं, सगळं रुजलेलं. पोरगा मटकन खाली बसला.

आत्यानं मूठभर भात नाकाशी नेलं. "कुजलाय कुठं? रुजलाय. उठ, चिखल कर. रहू घालूया."

रहू म्हणजे मोड आलेलं भात चिखलात फेकून पेरणं. दाढीत, म्हणजे रोपं करायच्या तुकड्यात, पाणी होतंच, वादळानंच भरलेलं. दुपारपर्यंत चिखल झाला. आत्या बांधावर उभी राहून मोड आलेलं भात हलक्या हातानं फेकत होती आणि मागून पोरगा झावळी फिरवत कोंबड्या हाकलत होता. लावणीला त्या वर्षी मजूर लागला नाही, कारण वाडीतले सगळे चाकरमानी घरीच.

दिवाळीनंतर नवी मुडी बांधली, ती धाकट्यानं. जरा वाकडी झाली आहे. निळ्या पिंपात हल्ली कोंबड्यांचा कोंडा असतो.

नमस्कार.