सुप्रीम कोर्टात बसतं कोण, आणि एका वेळी किती जण

आपल्याकडं धुऱ्यावरून भांडण झालं की माणूस म्हणतो, सुप्रीम कोर्टात जाईन पण वीतभर जागा सोडणार नाही. बोलणाऱ्याला वाटतंय दिल्लीत सगळे जज रांगेत बसलेत आणि आपली केस पहिल्यापासून ऐकायलेत. तसं काही नसतंय बरं का. 1950 ला कोर्ट सुरू झालं तेव्हा सरन्यायाधीश धरून आठच जागा होत्या, 2019 ला संख्या 34 केली, पण हे 34 जण मिळून एक केस ऐकतात असं कधीच होत नाही. रोजचं काम दोघांच्या नाहीतर तिघांच्या बेंचवर चालतंय. कोणती केस कोणत्या बेंचकडं जाणार ते सरन्यायाधीश ठरवतात. निकालात त्यांचं मतही इतरांसारखं एकच असतंय, पण बेंच बनवायचा अधिकार त्यांचा, आणि माझ्या मते त्यांची खरी ताकद तिथंच आहे.

धुऱ्याच्या केसमध्ये बहुतेक वेळा एसएलपी टाकावी लागते, म्हणजे अपील ऐकायची खास परवानगी मागणारी याचिका, राज्यघटनेचं कलम 136. त्यात कोर्टाला आधी एवढंच विचारायचं असतंय की आमचं ऐकता का. सोमवारी आणि शुक्रवारी अशा केसेसचा ढीग बोर्डावर असतो, एकेकीला काही मिनिटं मिळतात, अन बहुतेक तिथंच संपतात. सातबारा, साक्षीपुरावे हे सगळं खालच्या कोर्टात पक्कं केलेलं नसलं तर दिल्लीत जाऊन नवीन काही उभं राहत नाही, हे मी पक्षकारांना सांगून सांगून थकलो.

आता किती जण बसतात यानं काय फरक पडतो? मराठा आरक्षणाचं बघा. मी इथं कुणाची बाजू घ्यायला आलेलो नाही, फक्त कोर्टाचं काम कसं चालतं ते सांगतोय. 1992 ला इंद्रा साहनी केसमध्ये नऊ जजांनी 50 टक्क्यांची मर्यादा घातली. 5 मे 2021 ला आपल्या राज्याचा मराठा आरक्षणाचा कायदा रद्द झाला तो पाच जजांच्या घटनापीठापुढं. पाच जण नऊ जणांचा निकाल मोडू शकत नाहीत, फार तर म्हणू शकतात की मोठ्या बेंचकडं पाठवा, आणि त्यांनी त्याची गरज नाही असं सांगितलं. मग रिव्ह्यू, म्हणजे फेरविचाराची याचिका, फेटाळली, मग क्युरेटिव्ह टाकली, म्हणजे रिव्ह्यूनंतरची शेवटची याचिका. गावच्या पारावर लोक क्युरेटिव्हवर बोलायलेत हे मी तेव्हा पहिल्यांदाच बघितलं! ही क्युरेटिव्ह राज्यघटनेत शोधून सापडणार नाही, कोर्टानंच 2002 च्या एका निकालात ती वाट काढली.

जज होतात कसे? जाहिरात नाही, परीक्षा नाही. सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ जज, म्हणजे कॉलेजियम, नावं सुचवतं आणि राष्ट्रपती नेमणूक करतात. सरकारनं यात बदल करणारा कायदा आणला होता, तो 2015 ला याच कोर्टानं 4 विरुद्ध 1 नं रद्द केला. जजांनीच जज निवडायचे हे मला पटत नाही, पण सरकारच्या हातात द्यायचं म्हटलं तर त्याहून भीती वाटते, त्यामुळं मी दोन्हीकडून शिव्या खातो. घटनेत नामवंत कायदेपंडितालाही थेट जज करायची सोय आहे, आजवर एकालाही तसं घेतलं नाही. पहिली महिला जज, फातिमा बीवी, यायला 1989 उजाडलं.

जज 65 व्या वर्षी रिटायर होतात आणि तिथल्या सेवेत सगळ्यात ज्येष्ठ असेल तो सरन्यायाधीश होतो, त्यामुळं नशीब वयावर. यशवंतराव चंद्रचूड सात वर्षांच्या वर होते, उदय लळित यांना 74 दिवस मिळाले. आपल्याकडचं म्हणाल तर 2024 ला तिथं गेलेले न्यायमूर्ती प्रसन्न वराळे मूळचे निपाणीचे, पण शिकले आपल्या मराठवाडा विद्यापीठात आणि छत्रपती संभाजीनगरलाच लॉ कॉलेजात शिकवतही होते.

आता खर्चाचं सांगतो. तिथं वकिलामार्फत केस दाखल करायची तर परीक्षा पास झालेला ॲडव्होकेट ऑन रेकॉर्डच लागतो, त्याचं ऑफिस कोर्टापासून 16 किलोमीटरच्या आत पाहिजे, म्हणजे आपला वकील सोबत गेला तरी दिल्लीचा एक घ्यावाच लागतो. पण महिला आणि एससी-एसटी लोकांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे तिथं आधी जाऊन विचारा, शेत विकायच्या आधी.